हिंगोण्याचा हिरवा

तोताराम भदाणे, घरातल्यांचे नाना, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, त्याला आता पाच-सहा वर्षे झाली. पण घरातले कोणी बाहेर जायला निघाले की त्यांचा उजवा हात अजूनही डोक्याच्या वर जातो. तिथे घंटीची दोरी नसते, एकदा ओढली की गाडी थांबवणारी आणि दोनदा ओढली की सोडणारी. हात रिकामाच खाली येतो आणि नाना तो केस सारखे करण्याकडे वळवतात.

"नाना, डबल द्या," सून मेघा चपला घालता घालता म्हणते. "सिंगलवर मी थांबेन हं."

नानांना या थट्टेचा राग येत नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या एका गावातून मॅट्रिक होऊन आलेला हा माणूस यावलच्या आगारात लागला आणि तिथलाच झाला. धुळ्याकडे बदली मिळण्याची संधी आली तेव्हा घरच्यांनी आग्रह केला, तरी त्यांनी ती घेतली नाही. यावल ते रावेर हा त्यांचा रस्ता होता. कोणत्या थांब्यावर कोण चढेल, कोणाच्या पिशवीत कोंबडी असेल, कोण सावद्याचे तिकीट काढून विवऱ्यापर्यंत झोपेचे सोंग घेईल, हे त्यांना चेहऱ्यांवरून कळे. त्यांचे सारे जग एका पत्र्याच्या पेटीत मावले होते. पेटीत खण होते, खणांत स्प्रिंगचे चिमटे, आणि चिमट्यांत तिकिटांचे गठ्ठे. प्रत्येक भाड्याचा रंग वेगळा. त्यांच्या बोटांना रंग म्हणजे भाडे हे इतके पाठ झाले होते की अंधारातही ते चुकीच्या खणात जात नसत. पुढे मशिने आली आणि पेट्या आगारात जमा झाल्या. त्या भंगारात निघाल्या तेव्हा नानांनी आपली पेटी आणि तिकिटाला भोक पाडण्याचा पंच भंगारवाल्याकडून सोडवून आणला. पेटीत पुढे खिळे आणि वायसर राहू लागले. पंच मात्र नानांनी तेल देऊन जपला.

त्यांच्या पत्नीचे, मंजुळाबाईंचे, जग याहून वेगळे होते आणि त्याबद्दल घरात कधी फारसे बोलले गेले नाही. त्यासुद्धा धुळ्याकडच्या. यावलमध्ये शेजारच्या बायकांची बोली निराळी, पण मंजुळाबाईंनी आपले अहिराणी सोडले नाही; 'आहे'ला त्या 'शे'च म्हणत. लग्नानंतर शेजारच्या एका शिक्षिकेकडून त्या फुलीचा टाका शिकल्या. मॅटीच्या कापडावर चौकडी मोजून एकावर एक तिरपे टाके घालायचे, अशा हजार फुल्यांतून एक पोपट, एक कळस, एक मोर उभा करायचा. गावातल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात त्यांचे रुमाल आणि चाकळे मांडले गेले. दोऱ्याच्या लड्या त्या बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवत. प्रत्येक लडीवर कागदाची बारीक पट्टी असे, तिच्यावर रंगाचा नंबर असे, आणि ती पट्टी त्या शेवटचा धागा संपेपर्यंत काढत नसत.

लेक ज्योती धुळ्याला दिली होती. तिने देवपुरात घर बांधायला घेतले तेव्हा आईकडे एकच मागणे मागितले.

"आई, इकडे केळी बघायला मिळत नाही गं. सोफ्याच्या वर लावायला मला आपला रस्ता भरून दे. यावलपासून रावेरपर्यंत. दोन्हीकडे बागा आणि मधून नानांची लाल गाडी."

मंजुळाबाईंनी चौकटीच्या कागदावर रस्ता काढला आणि कामाला लागल्या. पट्टी सोफ्याच्या लांबीची. एका टोकाला यावलचे स्थानक भरून झाले, दुसऱ्या टोकाला रावेरमागचा सातपुडा उभा राहिला. मधला रस्ता मोकळा होता, तेवढ्यात जळगावहून मुलगा कुंदन आला. आईवडिलांनी आता एकटे राहू नये असे त्याने ठरवले होते. उन्हाळ्यात यावलचे घर आवरले गेले आणि नाना–मंजुळाबाई मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

चूक झाली ती सामान बांधताना. मंजुळाबाई शेजारणींचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. नाना माळ्यावरचे संपवून दोऱ्यांच्या डब्याशी आले. आत लड्या एकमेकींत शिरलेल्या, वर फाटक्या कागदांच्या पट्ट्या. नानांच्या जुन्या सवयीला ते बघवले नाही. त्यांनी पट्ट्या ओढून काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. सगळे हिरवे एकत्र, सगळे लाल एकत्र, पिवळे एकत्र असे गठ्ठे केले, प्रत्येकाला तिकिटांच्या गठ्ठ्यासारखे रबर घट्ट लावले आणि डब्याचे झाकण समाधानाने बंद केले.

जळगावच्या घरात मंजुळाबाईंनी डबा उघडला तेव्हा नाना शेजारीच होते. कौतुक ऐकायच्या तयारीत होते.

"हाई काय शे?"

"तुना दोरा. बठ्ठा नीट लाई दिन्हा."

"आनि पट्ट्या?"

"कोन्त्या पट्ट्या? ते कागद व्हय? फाटेल व्हतात. फेकी दिन्हात."

मंजुळाबाईंनी हिरवा गठ्ठा उचलला. मे महिन्याच्या उष्म्याने रबर वितळून दोऱ्याला चिकटले होते. त्यांनी ते नखाने खरवडून पाहिले आणि सोडून दिले.

"हिरवा काय एकच ऱ्हास का?"

"हिरवा म्हनजे हिरवाच ना, ज्योतीनी माय."

"तुम्हले बठ्ठी तिकिटंच दिसतस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ऱ्हाऊ द्या आते."

डब्याचे झाकण लागले. अर्धी भरलेली रस्त्याची पट्टी घडी होऊन कपाटात वरच्या फळीवर गेली. भांडण झाले असते तर नानांना बरे वाटले असते; वाद घालणाऱ्या उतारूशी कसे बोलायचे ते त्यांना माहीत होते. मंजुळाबाई रोजच्यासारख्या बोलत, भाकऱ्या थापत, मेघाला बाजारातून काय आणायचे ते सांगत. फक्त दुपारी, एरवी त्यांच्या हातात भरतकामाची रिंग आणि सुई असायची त्या वेळी, त्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत बसत.

ज्योतीची वास्तुशांत दिवाळीनंतर होती. ती फोनवर विचारी, "आई, कुठपर्यंत आली गाडी?" मंजुळाबाई म्हणत, "डोळा दुखतस," आणि फोन मेघाकडे देत. डोळे दुखत नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. आईने हातातले काम अर्धे टाकले, असे आजवर झाले नव्हते. नानांच्या मनात बसली ती एवढीच गोष्ट. पट्टी पुरी होवो न होवो, हे बाईमाणूस पुन्हा सुई धरणार की नाही?

मेघाने आपल्या परीने उपाय काढला. तिने मोबाइलवरून दोरे ठेवण्याची प्लास्टिकची पेटी मागवली. पारदर्शक, बारीक कप्प्यांची, सोबत दोरा गुंडाळायच्या पांढऱ्या पट्ट्या. मंजुळाबाईंनी ती हातात घेतली, "छान शे," म्हणाल्या आणि तिच्यात लवंग, वेलदोडे भरून ठेवले.

"मसाल्याचं तरी भाग्य उजळलं," मेघा नानांना म्हणाली. "तुम्हीच काहीतरी करा नाना. गुंता तुमचा, सोडवा तुम्ही."

तेव्हा नानांनी तिकिटांची पेटी काढली. खिळे बाहेर आले, वायसर बाहेर आले, पत्रा राखेने घासला गेला. चिमट्यांत बसेल असे काहीतरी जाड, तिकिटाच्या मापाचे हवे होते. नानांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. खानदेशातल्या कोणत्याही घरात तो असतोच. देवाचे चित्र असल्याने पत्रिका फेकवत नाहीत आणि लग्न होऊन गेल्यावर उपयोगही नसतो. त्यांनी कात्री लावली तशा स्वयंपाकघरातून मंजुळाबाई म्हणाल्या, "गनपती कापू नका."

बऱ्याच दिवसांनी त्या विषयावर आलेला हा पहिला शब्द होता. नानांनी सर्व गणपती शाबूत ठेवले आणि मागची कोरी पाने तेवढी कापली. प्रत्येक तुकड्याला पंचाने दोन भोके पाडली, एक दोऱ्याचे पहिले टोक अडकवायला, दुसरे शेवटचे. पंचाचा तो टक् असा आवाज घरात पहिल्यांदाच झाला आणि कुंदन दचकून म्हणाला, "नाना, हिंगोण्याचा थांबा आला का?"

लाल आणि पिवळे लवकर सुटले. ते थोडे होते आणि एकमेकांहून वेगळे होते. हिरव्यांनी मात्र नानांना जेरीस आणले. गॅलरीत जुने धोतर अंथरून त्यांनी लड्या पसरल्या. पहिल्या दिवशी त्यांना तीन हिरवे दिसले. रबर चिकटलेले भाग कापून टाकत, ओढायचा दोरा कोणता आणि सोडायचा कोणता हे बघत आठवडा गेला, आणि एका सकाळी त्यांना तिथे पाच-सहा हिरवे दिसू लागले. पुढे आणखी. कालपर्यंत ज्या दोन लड्या एकच वाटत होत्या, त्यांच्यात आज फरक दिसावा याचे त्यांना नवल वाटले. लड्या तर त्याच होत्या.

मेघाने मोबाइल लावून पाहिला. दोऱ्याचा फोटो काढला की नंबर सांगणारी काहीतरी सोय होती. ट्यूबच्या उजेडात एक नंबर आला, गॅलरीत दुसरा.

"नाना, याचं मत उजेडाप्रमाणे बदलतंय."

"म्हणजे पुढारी आहे," नाना म्हणाले. "ठेव त्याला."

शेवटी त्यांनी ज्योतीला फोन केला. मंजुळाबाई खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. नानांनी घडले ते सगळे सांगितले. रबराचे, पट्ट्यांचे, डोळे दुखत नसल्याचे.

"नाना, पण त्या हिरव्यांना नावं होती ना."

"कसली नावं?"

"आई भिकुमावशीकडे रावेरला जायची, मी बरोबर असायचे. तुमच्याच गाडीत! आईच्या पर्समध्ये लड्या असायच्या. बाग आली की एक-एक लडी खिडकीच्या काचेला लावून बघायची. जुळली की आम्ही तिचं नाव ठेवायचो. हिंगोण्याचा हिरवा, फैजपूरचा, सावद्याचा... तुम्हाला खरंच माहीत नाही?"

नानांना खरेच माहीत नव्हते. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ आठवत राहिले. बायको डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची, एवढे आठवत होते. तिकीट द्यायला त्या बाकापाशी ते कधी थांबले नाहीत. घरच्यांचा पास होता. त्या रस्त्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली, पण वाहकाचे तोंड गाडीच्या आत असते. बाहेर काय होते, ते त्यांनी थांबा आल्यावर दारातून पाहिले, तेवढेच.

"आयकं का," दुसऱ्या दिवशी चहा घेताना मंजुळाबाईंची नक्कल करत नाना म्हणाले. 'आयकं का' ही हाक नेहमी त्यांना पडायची. "भिकुबाईकडे जाई येऊत. गनपती झायात, पाऊस उघडना शे."

"आज कशी आठवन उनी तिनी?"

"मेहुणी शे मनी. आठवन येवाले काय जास?"

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग मेघाला म्हणाल्या, "उद्या भाकरी दोन जनन्या कमी टाक."

जळगावहून यावल, यावलला गाडी बदलून रावेर. यावलच्या स्थानकात रावेरच्या गाडीच्या दारात मशिन गळ्यात अडकवून मृणाली उभी होती. नानांच्या शेवटच्या वर्षात ती आगारात नवीन लागली होती आणि सुरुवातीचे दिवस त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"नाना! आणि ही पेटी? अजून जमा केली नाही? वरपर्यंत कळलं तर काय होईल?"

"भंगारातून सोडवून आणली आहे, बाई. मेमो देऊ नको."

"काकूंचं महिला सवलतीचं अर्धं तिकीट, तुमचं पूर्ण," मृणालीने मशिनचे बटण दाबले. "आता गाडीत मान काकूंचा जास्त."

"घरात कमी व्हता का?" मंजुळाबाई म्हणाल्या आणि न विचारता डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडे गेल्या. तिथे बसलेल्या मुलीने जागा दिली. त्या खिडकीशी बसल्या, नाना शेजारी. पेटी मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा नाना त्या गाडीत बसून बाहेर बघत होते.

स्थानक सुटले, घरे मागे पडली, आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाली. नानांनी झाकण उघडले. चिमट्यांत पत्रिकांचे तुकडे उभे होते, प्रत्येकावर एक हिरवा. मंजुळाबाईंनी एकदा पेटीकडे पाहिले, एकदा नानांकडे, आणि तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवले. ज्योतीने काय सांगितले असेल ते त्यांना कळले असावे.

नानांनी एक तुकडा काढून काचेला लावला. बाहेर बाग धावत होती. कोणत्या पानाशी जुळवावे ते कळेना. एक उजळ होते, त्याच्याच खाली एक काळपट, त्यामागे एक फाटून पिवळे पडलेले. त्यांनी दुसरा तुकडा काढला, मग तिसरा. मागच्या बाकावरचा एक शेतकरी पुढे वाकला.

"काय भाऊ, काय नमुना काढताय? औषध फवारायचं का?"

"नाही, दोरा जुळवतोय."

"केळीला?"

"केळीला."

शेतकरी मागे सरकला आणि शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. मंजुळाबाईंचे ओठ थोडे हलले. नानांनी पुन्हा एक तुकडा लावला आणि विचारले, "हाऊ का?"

मंजुळाबाई बाहेरच बघत राहिल्या.

"हिंगोणा!" मृणालीने पुकारा केला. नानांना तो पुकारा ऐकताच बसल्या जागी सावरून बसावेसे वाटले. ज्योतीने पहिले नाव हेच घेतले होते. हिंगोण्याच्या वळणावर रस्त्याला लागून एक जुनी, दाट बाग होती. तिच्या सावलीत गाडीत क्षणभर अंधार होई, हे नानांनाही आठवत होते. त्यांनी त्यातल्या त्यात गर्द दिसणारा तुकडा हातात धरून ठेवला. वळण आले.

बाग नव्हती.

तिथे उघडी काळी जमीन होती. जुनी केळी काढून शेत नांगरले होते. आभाळ एकदम मोठे झाले होते आणि लांब सातपुडा सरळ दिसत होता. दोरा काचेला लावून नाना तसेच बसले. त्यामागे जुळवायला काहीच नव्हते. एवढा खटाटोप केला आणि ज्या हिरव्यासाठी केला, तो हिरवाच जागेवर नाही. आता बायको पुन्हा म्हणेल, ऱ्हाऊ द्या. आणि या वेळी तिचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. ते तुकडा पेटीत ठेवू लागले.

हिंगोण्याला उतरणारे बरेच होते. गाडी त्या शेताशीच थांबली. मंजुळाबाई काचेला कपाळ टेकवून बघत होत्या.

"लावनी झायी," त्या म्हणाल्या.

नाना पुढे वाकले. काळ्या जमिनीवर ठिबकच्या नळ्या ओळीने पसरल्या होत्या आणि प्रत्येक नळीशी वीतभर उंचीची रोपे उभी होती. गाडीच्या वेगात ती दिसली नसती. दोन-तीन पानांची, उभी गुंडाळी अजून न उलगडलेली, पण शेताच्या टोकापर्यंत होती.

मंजुळाबाईंनी नानांच्या हातातला तुकडा काढून घेतला, काचेला लावला आणि मान हलवली.

"हाऊ नही. हाऊ मोठी बागना शे." त्यांनी तो पेटीत परत ठेवला आणि बोटे खणांवरून फिरवली. एक काढला, ठेवला. दुसरा काढला, लावला, ठेवला. "यामा नही तो. याले पोपटीमा पिवळा पाहिजे. नवा घेना पडी."

"आनि तो गर्द? हिंगोण्याचा तोच ना?"

"तोच. बराबर काढा व्हता तुम्ही."

मृणालीने डबल दिली. नानांचा हात वर गेला आणि या वेळी त्यांनी तो लगेच खाली घेतला नाही.

तिथून पुढे पेटी मंजुळाबाईंच्या मांडीवर होती. फैजपूरच्या अलीकडे त्यांनी धुळीने मळकट झालेला हिरवा काढून दिला. सावद्याला केळीचे ट्रक भरत होते. कापलेल्या घडांचा फिका हिरवा त्यांनी दोन तुकड्यांतून एका नजरेत निवडला. नानांनी खिशातून पेन काढले आणि त्या सांगतील ते गाव तुकड्यावर लिहिले. एका ठिकाणी त्या अडल्या. दोन हिरव्यांपैकी विवऱ्याचा कोणता, हे त्यांना आठवेना. नानांनी दोन्ही लावून पाहिले.

"डावा," नाना म्हणाले. "यामा थोडा निळा शे. मांगे डोंगर दिसस ना."

मंजुळाबाईंनी डोळे बारीक केले. "कवयपासून तुम्हले निळा दिसाले लागना?"

"गॅलरीत बसून बसून."

रावेरला भिकुबाईंनी बहिणीला दारातच धरले. "येवढ्या दिवसांनी! आणि भाऊजी, तुम्ही आज गाडीत बसून आलात की उभे राहून?"

"बसून," नाना म्हणाले. "पाय आखडले."

त्या आठवड्यात मेघा सासूला घेऊन जळगावच्या फुले मार्केटात गेली. दुकानदाराकडे दोऱ्यांच्या खऱ्या तुकड्यांचे नंबरवार कार्ड होते. पेटी काउंटरवर उघडली तेव्हा दुकानदाराने विचारले, "हे काय, एसटी विकायला काढली?" मेघाने एकेक तुकडा कार्डाशी लावून त्याचा नंबर गावाच्या नावाखाली लिहिला. सावदा, आणि खाली आकडे. फैजपूर, आणि खाली आकडे. दोघी काही ठिकाणी भांडल्याही. मेघाला कार्डावरचा शेजारचा नंबर वाटे, मंजुळाबाई म्हणत, "हाऊ नही." पण दोरा संपला तर आता नवा आणता येणार होता. पिवळसर पोपटीची नवी लडी मंजुळाबाईंनी दुकानाच्या पायरीवर उन्हात उभे राहून निवडली. कागदाची पट्टी त्यांनी लडीवर तशीच ठेवायला सांगितली.

"नाना काढतील," मेघा म्हणाली.

"काढाले लावसू त्यासले," मंजुळाबाई म्हणाल्या. "आनि गुंडाळाले बी."

दुपारी गॅलरीतल्या खुर्चीशेजारी आता स्टूल आले, स्टुलावर पेटी आणि पेटीशी नाना. मंजुळाबाई सहापदरी दोऱ्यातून दोन पदर सोडवून घेत, चौकडी मोजत आणि मान वर न करता हात पुढे करत.

"सावदा द्या."

"सावदा, सावदा, सावदा... सावदा उतरा."

"वरडू नका, दोरा द्या."

समोरच्या इमारतीत पाण्याच्या टाक्यांवर कोणीतरी पापड वाळत घातले होते. कुंदन ऑफिसातून आला की आधी गॅलरीत डोकावून विचारी, "गाडी कुठं आली?" आणि उत्तर दोघांपैकी कोणीही देई. फैजपूरजवळ लाल दोरा कमी पडला, तेव्हा गाडीच्या मागच्या चाकापाशी थोडा वेगळा लाल आला. नानांच्या ते लक्षात आले. त्यांनी तिथे बोट ठेवून दाखवले. मंजुळाबाईंनी तेवढ्या फुल्या उसवल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी देवपुरातल्या नव्या भिंतीवर पट्टी काचेच्या चौकटीत लागली. आलेल्या पाहुण्यांना नाना एकेक थांबा दाखवत होते. जेवणाची पंगत बसली तरी त्यांची गाडी विवऱ्यालाच होती.

"सोडा ना त्यासले आते," मंजुळाबाई म्हणाल्या. "भूक्या शेतस माणसं."

पाहुणे पांगल्यावर ज्योती चौकटीसमोर उभी राहिली. तिने बोट यावलपासून फिरवत आणले आणि थांबवले.

"आई, हे हिंगोणंच ना? इथं केवढी बाग होती. गाडीत अंधार व्हायचा."

"मोडनी ती. आते नवी लावनी शे."

पट्टीवर त्या जागी गर्द असे काहीच नव्हते. काळ्या-तपकिरी फुल्यांची जमीन, तिच्यावर बारीक करड्या ओळी आणि ओळींशी पिवळसर पोपटी ठिपके, एकेका फुलीचे किंवा दोन फुल्यांचे. मागे सातपुडा मोकळा दिसत होता. ज्योतीने जवळ जाऊन पाहिले. ठिपक्यांच्या वर मंजुळाबाईंनी कापड बरेच कोरे सोडले होते.

"इथं भरायचं राहिलं का?"

"नही. ऱ्हाऊ दिन्ही जागा." मंजुळाबाईंनी नानांकडे हात केला. नानांनी पेटी बरोबर आणली होती. ती आता ते कुठेही नेत. त्यांनी न बघता खणातून तुकडा काढला आणि बायकोच्या तळहातावर ठेवला. पत्रिकेच्या कागदावर गच्च गुंडाळलेला गर्द हिरवा. वर नानांच्या अक्षरात 'हिंगोणा', त्याखाली मेघाने लिहिलेला नंबर.

"हाऊ जपी ठेव," मंजुळाबाई लेकीला म्हणाल्या. "पुढला वरीस बाग वाढी. तवय चौकट खाले उतार. मी येसू भराले."

ज्योतीने तुकडा घेतला आणि कुठे ठेवावा ते तिला सुचेना. देवघर नवीन होते, कपाटे अजून रिकामी होती. नानांनी तो तिच्या हातातून परत घेतला आणि पेटीत, त्याच खणात, चिमट्यात लावला.

"इथंच राहू दे," ते म्हणाले. "जागेवर असला म्हणजे सापडतो. येताना आम्हीच घेऊन येऊ."

संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते. ज्योती दारापर्यंत आली. मंजुळाबाई पायरी उतरल्या, मागे वळून म्हणाल्या, "चला," आणि नानांचा हात डोक्याच्या वर जायच्या आत त्यांनीच आपला हात वर करून दोनदा खाली ओढला.